घर घ्यायचं, पण कुठे? पूर, दरड, भूकंप आणि वादळाचा विचार करून जागा शोधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्यात टीव्हीवर कुठलं तरी गाव पाण्याखाली दिसतं आणि पुढचे पंधरा दिवस मला नातेवाइकांचे फोन येतात. "तू बांधकामातला माणूस, सांग बघू, कुठे घर घेतलं म्हणजे डोक्याला ताप नाही?" ऑगस्ट संपला की फोन थांबतात आणि दिवाळीत हेच लोक नदीकाठच्या स्कीममध्ये बुकिंग करून मोकळे होतात. तेच तेच प्रश्न आणि माझी तीच तीच उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

महाराष्ट्रातला सगळ्यात सुरक्षित जिल्हा कोणता? एकच नाव सांगा.

असं एकच नाव सांगणारा माणूस भेटला, तर त्याच्याकडे तिथला प्लॉट विकायला आहे असं समजा.

जिल्हा ही महसुलाच्या सोयीसाठी मारलेली रेघ आहे. पाऊस, नदी आणि खडक ती पाळत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पंचाहत्तरसुद्धा भरला नाही. एकच शहर, एकच दिवस. किल्लारीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेली माणसं घरांखाली गाडली गेली, तेव्हा भूकंपाच्या सरकारी नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. पुढे २००२ मध्ये तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकला.

म्हणून प्रश्न जिल्ह्याचा नाही, गट नंबरचा आहे. चिपळूणमध्ये कधीच पाणी न आलेल्या आळ्या आहेत, आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात ओढ्याला खेटून उभी असलेली घरंही आहेत.

तरी आग्रहच असेल तर ढोबळ उत्तर असं: जालना, बुलढाणा, वाशिमकडची पठारं, त्यातही मोठ्या नदीपासून लांबचा उंचवटा. समुद्र लांब, सह्याद्रीचे कडे लांब, मोठ्या भूकंपाचा इतिहास नाही. पण तिथे एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागेल. कुठल्या तरी धोक्याशी जमवून घ्यावंच लागतं. तो कोणता हे आपण ठरवायचं, एवढीच मोकळीक आहे.

मग सुरुवात कुठून करू?

पाण्यापासून. भूकंप एका आयुष्यात एकदा येईल किंवा येणारही नाही, पाऊस दरवर्षी येतो. जागा बघताना पहिला प्रश्न हा विचारायचा की वर पडलेलं पाणी इथून कुठे जातं आणि वाटेत माझं घर आहे का. याचं उत्तर समाधानकारक नसेल तर बाकीचे प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नका.

निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय?

जलसंपदा विभाग, म्हणजे आपलं जुनं पाटबंधारे खातं, नद्यांच्या पूररेषा आखतं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मैदान असं मोकळं काहीतरी चालतं, घर नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथे जोतं पूरपातळीच्या वर घेण्यासारख्या अटींवर बांधकामाला परवानगी मिळते.

लोकांची फसगत होते ती "शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांनी. २०१९ ला पूर येऊन गेला म्हणजे आता २११९ पर्यंत निवांत, असा हिशोब मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. त्याचा खरा अर्थ असा की दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, आणि ती दर पावसाळ्यात नव्याने सुरू होते. घराचं कर्ज तीस वर्षांचं धरलं, तर लाल रेषेवरच्या घरात त्या काळात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवर तोच आकडा ७० च्या पुढे जातो. चारातला एक किंवा दहातले सात, असं म्हटलं की रेषा जरा जवळ आल्यासारखी वाटते.

या रेषा बघायच्या कुठे?

महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या विकास आराखड्यात. तिथे नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागायचा, त्यावर गट नंबर किंवा सर्व्हे नंबर शोधून रेषा कुठून जाते ते पाहायचं. जलसंपदा विभागाच्या संकेतस्थळावरही बऱ्याच नद्यांचे नकाशे आहेत. ग्रामीण भागात पाटबंधारे उपविभागाच्या कार्यालयात अर्ज टाका, हेलपाटे होतील, पण घर एकदाच घ्यायचं असतं.

एक सावधगिरी बाळगा. रेषा प्रामुख्याने मोठ्या नद्यांच्या आखल्या जातात. गावातल्या ओढ्याला, पऱ्याला, वहाळाला बहुतेक ठिकाणी रेषाच नसते, आणि माणसं तर अनेकदा तिथेच बुडतात. शिवाय रेषा आखल्यावर नदीत भराव पडला, पूल झाला, समोरच्या काठाला भिंत उभी राहिली, तर पाणी जुना नकाशा बघून येत नाही.

बिल्डर म्हणतो एनए आहे, प्लॅन मंजूर आहे, बँक कर्ज देते आहे. अजून काय हवं?

यातल्या एकाही कागदाचा पाण्याशी संबंध असेलच असं नाही. एनए म्हणजे जमिनीचा वापर बदलायची परवानगी. वकिलाचा सर्च रिपोर्ट मालकी कुणाची ते सांगतो. बँक आपले पैसे सुटतील का हे बघते. महारेराच्या नोंदणीत प्रकल्पाचे कागद दिसतात, ते जरूर उघडून वाचा, पण २०२१ च्या जुलैत पार्किंगमध्ये किती फूट पाणी होतं ते त्यात कुणी लिहीत नाही.

कागद बाजूला ठेवले, तर प्रत्यक्ष जागेवर काय बघायचं?

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

जुन्या माणसांनी गावाचे दोन भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढर बहुतेक वेळा उंचवट्यावर असते. मोठ्या पुरात नदीकाठच्या गावाचं जुनं गावठाण बेटासारखं वर राहतं आणि गेल्या वीसेक वर्षांतली प्लॉटिंगं पाण्यात असतात, हे चित्र पुन्हापुन्हा दिसतं. म्हणून नव्या गावात गेलो की मी आधी जुनं देऊळ, जुनी चावडी आणि सगळ्यात जुना वाडा शोधतो. त्या पातळीच्या खाली किती उतरावं लागतं, ते मोजतो.

पूर मोजायच्या खुणाही गावांनी जपल्या आहेत. नाशिकला गोदावरीत दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं, यावरून अख्खं नाशिक पुराचा अंदाज बांधतं, आणि पाणी नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत चढलं की सराफ बाजाराची धावपळ सुरू होते. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडतं तेव्हा भाविक स्नानाला गर्दी करतात. पुणेकरांचा बाबा भिडे पूल तर पाण्याखाली गेला म्हणून दरवर्षी बातमीत असतो. तुमच्या गावात अशी खूण असेलच. ती कोणती आणि तिथपर्यंत पाणी येतं तेव्हा या प्लॉटवर काय होतं, एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं.

विचारायचं कुणाला? एजंटला नको. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला, शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला. "इथे पाणी येतं का?" असं विचारलं तर "नाही हो" म्हणतील, कारण गावाची बदनामी कुणाला आवडत नाही. "मागच्या पुरात तुमचं किती नुकसान झालं?" असं विचारा. मग कहाणी सुरू होते. पंचनामा झाला होता का, मदत मिळाली होती का, हेही विचारा. ज्या घराचा पंचनामा झाला, तिथे पाणी आलं होतं, यात वाद नाही.

आणि डोळे उघडे ठेवा. भिंतींवर एका उंचीवर ओळीने ओल आणि पोपडे आहेत का? जुन्या दुकानांचे वीजमीटर नेहमीपेक्षा वर चढवलेत का? मीटर डोक्याच्या वर असलेली आळी मी कधीच विसरत नाही. ओढ्याकाठच्या बाभळीत, तारेच्या कुंपणात प्लास्टिक आणि चिंध्या किती उंचीवर अडकल्यात? प्लॉटवर मुरमाचा ताजा भराव आहे का? भराव असेल तर खाली काय दडवलंय? उन्हाळ्यातही लव्हाळा हिरवागार दिसत असेल तर ती जमीन चिबड आहे, पाया ओलाच राहणार.

ओढा तर कधीच बुजला, आता तिथे रस्ता आहे. मग भीती कसली?

ओढा बुजवता येतो, उतार बुजवता येत नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावरून आलेल्या पाण्याने अंबिल ओढ्याच्या काठची घरं, भिंती, गाड्या वाहून नेल्या, वीसहून अधिक माणसं गेली. हा तोच ओढा, ज्याचा प्रवाह पेशवाईत नानासाहेबांनी शहराला त्रास नको म्हणून वळवला होता. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला जो ओढा मोठा वाटला, तो आमच्या पिढीला नाला वाटला.

नागपूरकरांनाही पूर ही कोल्हापूरकडची गोष्ट वाटायची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने आपलं नाव नदी का आहे ते दाखवलं.

जुने प्रवाह शोधायला दोन सोपे मार्ग आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट नकाशे, ज्यांत ओढे निळ्या रेषांनी दाखवलेले असतात, आणि गुगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं, ज्यांत वर्ष मागे मागे नेता येतं. आज जिथे क्लबहाऊस आहे तिथे २००५ मध्ये पाण्याची रेघ दिसली, तर सॅम्पल फ्लॅट बघायचं कारणच उरत नाही.

वर धरण आहे. पूर अडवायला धरण चांगलंच ना?

बहुतेक दिवस चांगलं. पण धरण भरत आलेलं असताना मुसळधार पाऊस झाला की पाणी सोडावंच लागतं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पहाटे पाणी शिरलं, तेव्हा बरेच जण झोपेत होते. फुटण्याची उदाहरणंही आहेत. १२ जुलै १९६१ चं पानशेत पुण्याच्या वृद्धांना अजून तारखेसकट आठवतं. त्या पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगरकडे वसाहती झाल्या, आणि लक्षात घ्या, त्या नदीपासून लांब, टेकड्यांच्या बाजूला वसवल्या. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, ते तर लहानसं मातीचं धरण होतं. मोठ्या धरणांवर सगळ्यांचं लक्ष असतं, गावाच्या डोक्यावरच्या पाझर तलावाकडे कुणी बघत नाही. त्याच्या भिंतीवर झाडं वाढलीत का आणि सांडवा मोकळा आहे का, एवढं तरी चालत जाऊन बघावं.

आम्ही कोल्हापूर-सांगलीचे. घर विकून जावं का?

सगळ्यांनी कशाला? तिथली माणसं फुटांत बोलतात, तुम्हीही तसाच विचार करा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला पंचावन्न आणि सांगलीला सत्तावन्न फुटांच्या वर पाणी गेलं. २०२१ ला कोल्हापूरने पुन्हा तीच पातळी बघितली, दोनच वर्षांत. तुमच्या उंबऱ्याला पाणी कितव्या फुटाला लागतं, ते शोधून काढा. पन्नासच्या आत लागत असेल तर विक्रीचा विचार गांभीर्याने करा. २०१९ लाही उंबरा कोरडा राहिला असेल तर काळजी रस्त्यांची करा, कारण घर कोरडं आणि चारी वाटा बंद, अशी अवस्था आठवडाभर टिकू शकते. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटेला पूर आला की हेच होतं, दर पावसाळ्यात.

निवृत्तीनंतर कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत छोटं घर बांधायचं आहे. डोंगरउतारावर सुंदर प्लॉट आहे, दरीचा नजारा आहे. घेऊ?

तुमच्या समोर दरी आहे, हे दलालाने दाखवलं. मागे काय आहे, ते बघितलंत का?

दरडींनी गाडलेली गावं आठवा. माळीण, ३० जुलै २०१४, १५१ मृत्यू. तळिये, २२ जुलै २०२१, ऐंशीहून अधिक. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र, सत्तावीस मृतदेह सापडले आणि सत्तावन्न माणसं मातीतच राहिली. त्याआधी २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई आणि दासगाव. महिना बघा, सगळे जुलै. डोंगराच्या पोटात जूनपासून पाणी मुरत असतं, जुलैच्या सलग पावसात खडकावरचा मातीचा थर पाण्याने जड होतो, खालची पकड सुटते आणि उतार सरकतो. सरकायला काही मिनिटं पुरतात.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव असेल तर जागा सोडून द्या, पण नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर दरडींच्या शक्यतेचे नकाशे आहेत, तेही बघा.

जागेवर मला भीती वाटते ती पुढच्या गोष्टींची. प्लॉट सपाट करण्यासाठी डोंगराचा पायथा जेसीबीने उभा कापलेला असणं, कारण पायथ्यानेच वरचा भार पेललेला असतो. वरच्या उतारावर अर्धगोल भेगा. एकाच दिशेला कललेली झाडं आणि विजेचे खांब. नेहमीच्या झऱ्याला अचानक गढूळ पाणी, किंवा पावसाळ्यात झरा एकदम आटणं. घरांची दारं-खिडक्या दरवर्षी नव्याने अडकणं. आणि ज्या घळीच्या तोंडाशी मोठमोठे धोंडे पडलेत, ती जागा कितीही छान सावलीची असली तरी सोडायची, ते धोंडे वरूनच आलेले असतात.

कोकणात राहायचंच असेल तर सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी पठाराच्या, कडेपासून बरंच आत, सपाट जांभ्यावर जागा शोधा. पाण्याचे हाल होतील, कातळात विहीर खणणं खर्चिक आहे, आणि लोक सड्यावर घर बांधलं म्हणून हसतीलही. खाली खलाटीत माड आणि गारवा आहे, पण नदी-खाडीला भरती आणि पूर एकदम आले की पाण्याला जायला जागा नसते. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने ते दाखवून दिलं.

समुद्रकिनाऱ्याजवळ?

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं झाड उत्पन्नाला यायला वर्षं लागतात, त्यामुळे हे नुकसान पंचनाम्यात मावणारं नव्हतं. कौलं आणि पत्रे उडाले, श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. आधी २००९ मध्ये फयान किनाऱ्याला धडकलं होतं आणि नंतर २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अरबी समुद्र पूर्वी शांत मानला जायचा, आता तसं म्हणवत नाही.

घर घ्यायचंच तर भरतीरेषेपासून लांब आणि उंच जागा हवी, छत स्लॅबचं किंवा नीट बांधलेलं हवं, आणि घरावर पडेल असं झाड नको. माडाला भावनेपोटी अंगणात ठेवतात, वादळात तोच छपरावर येतो. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रातल्या बांधकामाची, परवानगी तोंडी चालत नाही. त्सुनामीबद्दलही विचारतात, तर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपानंतर लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. धोका शून्य नाही, पण याच कारणाने किनारा सोडावा असंही मी म्हणणार नाही.

भूकंपाचं काय? पुणे, मुंबई, नागपूर यांत कमी धोका कुठे?

नकाशावर नागपूर दुसऱ्या विभागात, पुणे-मुंबई तिसऱ्यात, कोयना परिसर चौथ्यात, ही वर्षानुवर्षं चालत आलेली विभागणी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि त्यानंतरचे हजारो लहानमोठे धक्के सगळ्यांना ठाऊक आहेत. शिवसागर जलाशयाच्या पाण्याशी त्यांचा संबंध जगभरात अभ्यासला जातो. डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी भागात नोव्हेंबर २०१८ पासून बारीक धक्क्यांची मालिका झाली, आणि हिंगोलीच्या पांगरा शिंदे गावात जमिनीतून येणारे आवाज लोकांच्या सवयीचे झालेत.

मात्र भूकंपात माणूस मरतो तो बहुधा घरामुळे. किल्लारीची घरं होती मातीत रचलेल्या अनघड दगडांची, दोन-अडीच फूट जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. उन्हात थंड राहणारी तीच भिंत पहाटे अंगावर आली. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत खाली नुसते पार्किंगचे खांब असलेल्या इमारती बसल्या. म्हणून इमारत बघताना विभागापेक्षा खांबांकडे बघा. पार्किंगच्या मजल्यावर भिंती आहेत की नुसत्या काड्या? स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, त्याचं प्रमाणपत्र दाखवा, असं म्हणायला लाजू नका. गावाकडे विटांचं घर बांधत असाल तर जोतं, खिडकीचा माथा आणि छत या तिन्ही पातळ्यांवर घराभोवती सलग आरसीसी पट्टा फिरवून घ्या. गवंडी म्हणेल, "गरज नाय साहेब." गरज आहे.

दुष्काळ ही आपत्ती मोजायची का?

ज्याने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेलं पाणी बघितलं, तो हा प्रश्न विचारणार नाही. पूर काही दिवसांत ओसरतो, दुष्काळ घरातल्या बायकांच्या डोक्यावर महिनोन्महिने बसतो. पठारावर जागा घेताना मे महिन्यात जा. बोअर किती फुटांवर लागतं, गावात टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो, ते विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे तालुक्याची माहिती असते. आणि दुष्काळी भागात पूर येत नाही, हाही समज सोडा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने सोलापूर-धाराशिवकडची गावं वेढली, ती नेहमीच पाण्याला तरसणारी.

काळ्या मातीवर बांधत असाल तर आणखी एक त्रास आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पाया असलेल्या घराच्या भिंती तडकतात. खाली मुरूम लागेपर्यंत खोदा.

ऊन आणि वीज?

विदर्भ-खानदेशात उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो, घर निवडताना पश्चिमेच्या भिंतीचा आणि गच्चीचा विचार करा, बाकी हा धोका घर हलवून टळणारा नाही. विजेसाठी 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये ठेवा. माळावरच्या एकट्या घराला तडिताघातरोधक बसवून घ्या.

पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला की पूर संपला ना?

तुमचा सोफा वाचेल. गाडी, लिफ्ट, पाण्याचा पंप, जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर मात्र खालीच असतात. घरात वयस्कर माणूस असेल तर चार दिवस लिफ्टविना आणि पाण्याविना पाचव्या मजल्यावर काय होईल, त्याची कल्पना करा. तळघरात पार्किंग असलेली इमारत नदीजवळ असेल तर मी घेणार नाही.

राज्याबाहेर नोकरी आहे. तिथे काय बघू?

पद्धत तीच. भूकंपाच्या जुन्या विभागणीत बंगळूरु दुसऱ्या विभागात, दिल्ली चौथ्यात आणि गुवाहाटी पाचव्यात येतं. बंगळूरुला भूकंपाची चिंता कमी, पण बुजवलेल्या तळ्यांवरच्या वसाहती पहिल्या जोराच्या पावसात ओळखू येतात. गोव्यात साखळी-डिचोलीकडे वाळवंटी नदीचा इतिहास विचारून घ्या.

धोक्याच्या जागी आधीच घर आहे. विकणं शक्य नाही. काय करू?

आधी विमा. 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. पूर, भूकंप, वादळ, दरड, वीज पडणं हे त्यात येतं, आणि घरातल्या सामानालाही ठरावीक मर्यादेपर्यंत संरक्षण मिळतं. प्रीमियम एका कुटुंबाच्या एका हॉटेल-जेवणाच्या आसपास पडतो, तरी लोक काढत नाहीत. कर्जाबरोबर बँकेने गळ्यात घातलेली पॉलिसी बहुधा तुमच्या आयुष्याची असते, घराची नाही, एकदा वाचून बघा.

मग घरातली कामं. मीटर, बोर्ड आणि इन्व्हर्टर वर घ्या. खरेदीखत, सात-बारा, सोनं आणि औषधं वरच्या माळ्यावर. शौचालयाच्या नळीला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, कारण पुराचं पाणी पहिल्यांदा तिथूनच घरात येतं. 'सचेत' अ‍ॅपवर इशारे येतात. दरडीच्या गावात असाल तर सलग दोन-तीन दिवस मुसळधार पडल्यावर रात्र दुसऱ्याच्या घरी काढा, शेजाऱ्यांनी भित्रा म्हटलं तरी.

येत्या रविवारी एक जागा बघायला जाणार आहे. सोबत काय नेऊ?

भाग नकाशाची प्रत, मोजपट्टी आणि घरातली एक चौकस बाई. बायका शेजारणीशी दहा मिनिटं बोलून जे काढून घेतात ते मला तीन हेलपाट्यांत कळत नाही. विसार द्यायची घाई करू नका. जागा जानेवारीत आवडली असेल तर जुलैत, पाऊस चालू असताना, पुन्हा एकदा जा, आणि मालक "तोपर्यंत जागा राहणार नाही" म्हणाला तर राहू दे म्हणा. तेही शक्य नसेल तर निदान विसार पावतीत एक ओळ घालून घ्या: सदर मिळकत पूररेषेत आढळल्यास विसाराची पूर्ण रक्कम परत. मालक ही ओळ वाचून सही करतो की पेन खाली ठेवतो, ते बघा.